पेव, नौका आणि स्वयंपाकघर : जड वायूची वाट

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील गाव. या परिसरात काळी कसदार जमीन आणि कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी ही पिके आहेत. त्यामुळे चुलीचे सरपणही पिढ्यान्‌पिढ्या शेतातूनच येत असे. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांवर येथील स्वयंपाक होत आला. त्या चुलीच्या धुराने गृहिणींच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे जे नुकसान केले, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आता हे चित्र पालटले आहे. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत बर्मा शेल कंपनीने १९५० च्या दशकात प्रथम विक्रीस आणला, तेव्हा तो शहरातील मोजक्या कुटुंबांपुरताच होता. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि १० ऑगस्ट २०२१ रोजी तिचा दुसरा टप्पा सुरू करण्यात आला. या योजनेखाली देशात १० कोटींहून अधिक जोडण्या देण्यात आल्या असून, चुडाव्यासारख्या गावांच्या घराघरांत लाल सिलिंडर पोचले आहेत. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकगृहातही गॅसची शेगडी आली आहे.

इंधन बदलले, परंतु ज्या घरात ते आले ते घर बदलले नाही. या एका गोष्टीत सुविधेबरोबर आलेल्या धोक्याचे मूळ आहे, आणि म्हणून तिचा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी बारकाईने करणे अगत्याचे आहे.

धूर वर जातो, गॅस खाली बसतो

मराठवाड्यातील जुने घर धुरासाठी बांधलेले आहे. माळवदाच्या छतात झरोका ठेवलेला असतो, भिंतीतील खिडकी लहान आणि उंचावर असते, दाराला उंच उंबरठा असतो. धूर गरम असतो, म्हणून तो वर जातो आणि झरोक्यातून बाहेर पडतो. चुलीच्या काळात ही रचना योग्यच होती.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण होय. सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रवरूपात असतो. द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पटींनी वाढते. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. त्यामुळे गळती झाली तर तो झरोक्याकडे जात नाही. तो पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीवर पसरतो, उंबरठ्याशी अडतो आणि सखल जागी साचून राहतो. धुराला बाहेर काढणारे घर या गॅसला आत कोंडून ठेवते.

हवेत या गॅसचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत असले की ठिणगी पडताच तो पेट घेतो. एक किलो गॅस गळून हवेत समप्रमाणात मिसळला, तर सुमारे २५ घनमीटर हवा ज्वालाग्राही होऊ शकते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीतील हवा २७ घनमीटर असते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे धोक्याचे परिमाण स्पष्ट होते. शिवाय हा गॅस प्रथम तळाशीच साचत असल्याने जमिनीलगतची हवा ज्वालाग्राही होण्यास याहून पुष्कळ कमी गळती पुरते.

पेवातला दिवा

जड वायूची ओळख मराठवाड्यातील शेतकऱ्याला नवी नाही. पूर्वी धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेव खोदले जाई. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. ते काही काळ मोकळे ठेवीत आणि नंतर दोरीने दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही, असा दंडक होता. जुन्या आडात उतरण्यापूर्वीही हीच काळजी घेतली जाई. धान्याच्या श्वसनाने तयार होणारा कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड असल्याने पेवाच्या तळाशी साचतो, हे त्यामागील कारण.

येथे एक योगायोग विज्ञानशिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. कर्बवायूचा रेणुभार ४४ आहे आणि प्रोपेनचाही ४४ आहे. हवेचा सरासरी रेणुभार २९ आहे, तर ब्युटेनचा ५८. म्हणजे पेवात जो वायू बसतो त्याच्याच वजनाचा, किंबहुना त्याहूनही जड वायू आज प्रत्येक स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये आहे. तो कोठे जाऊन बसेल हे पेवाने आपल्याला आधीच शिकवून ठेवले आहे.

तथापि दोन्हींत एक जीवघेणा फरक आहे. कर्बवायूत दिवा विझतो. गॅसमध्ये दिव्यामुळे स्फोट होतो. यास्तव पेवाची परीक्षा येथे लावता कामा नये. गळती शोधण्यासाठी काडी ओढून पाहण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. ती तत्काळ बंद व्हावयास हवी. गळतीची परीक्षा फक्त साबणाच्या फेसाने करावयाची असते. फेसाला बुडबुडे आले तर गळती आहे, न आले तर नाही.

नौका : पाण्यावर तरंगणारे पेव

या धोक्याचा सर्वांत कठोर विचार जगात कोठे झाला असेल, तर तो नौकांच्या बाबतीत. नौका म्हणजे वरून उघडी आणि खालून सर्व बाजूंनी बंद अशी वाटी. तिच्या तळाला दार नाही आणि असूही शकत नाही, कारण पाणी आत येऊ न देणे हेच त्या तळाचे काम. जो तळ बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तो आतला जड वायू बाहेरही जाऊ देत नाही. त्यातच तळाशी इंजिन, बॅटरी आणि पाणी उपसण्याचा विजेचा पंप असतो. ठिणगी पडण्यास याहून सोयीचे स्थान नाही. जमिनीवरच्या घरात गळलेला गॅस दार उघडताच निदान काही प्रमाणात निघून जातो. नौकेच्या तळातील गॅस तेथेच राहतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ससून डॉक, वर्सोवा, हर्णे, मिरकरवाडा यांसारख्या बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या मासेमारी नौका अनेक दिवस समुद्रात राहतात. खलाशांचा स्वयंपाक नौकेवरच होतो. केरळातील हाउसबोटींवर तर पर्यटकांसाठी पूर्ण स्वयंपाकघरच चालते. लाकूड, कोळसा आणि रॉकेल यांची जागा गॅसने घेतली, तशी मांडणीची शिस्तही आवश्यक झाली. लहान नौकांवरील गॅसच्या मांडणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक तयार करण्यात आले असून त्यामागील तत्त्वे साधी आहेत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या चुडाव्यालाही ती तंतोतंत लागू पडतात.

नौकेवरील मांडणी कशी असावी

पहिली बाब सिलिंडरच्या जागेची. सिलिंडर केबिनमध्ये, इंजिनच्या खोलीत किंवा मासे ठेवण्याच्या खणात कधीही ठेवावयाचा नाही. त्यासाठी डेकवर स्वतंत्र पेटी करावी लागते. ही पेटी नौकेच्या अंतर्भागापासून पूर्णपणे बंदिस्त हवी आणि तिचे झाकण केवळ वरून, मोकळ्या हवेत उघडणारे हवे. भरलेला, वापरातला आणि रिकामा असे सर्व सिलिंडर याच पेटीत, उभे आणि पट्ट्याने बांधून ठेवावेत. रिकामा म्हणून बाजूला टाकलेल्या सिलिंडरमध्येही थोडा गॅस शिल्लक असतो, हे विसरता कामा नये.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब पेटीच्या तळाची. पेटीच्या अगदी तळाशी एक नळी बसवून ती सतत उतरती ठेवून नौकेच्या बाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर काढावयाची असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या नळीचा आतील व्यास किमान १९ मिलिमीटर हवा, आणि तिचे तोंड खिडकी, हवेची नळी किंवा इंजिनचा धूर बाहेर टाकणारी नळी यांपासून किमान अर्धा मीटर दूर हवे. पेटीत गळती झाली तर गॅस या वाटेने आपल्याच वजनाने समुद्रावर उतरून जातो. त्यासाठी पंखा लागत नाही, वीज लागत नाही आणि माणसाने जागे राहण्याचीही गरज नसते. वायूच्या ज्या गुणामुळे धोका निर्माण होतो, त्याच गुणाचा उपयोग करून तो टाळण्याची ही युक्ती आहे. ही नळी दोरखंड, जाळे किंवा कचरा यांनी बुजू न देणे एवढेच काम माणसाकडे उरते.

तिसरी बाब नळीची. पेटीपासून शेगडीपर्यंतची नळी शक्यतो अखंड असावी. जेथे हात आणि दृष्टी पोचत नाही अशा ठिकाणी तिला एकही सांधा नसावा. प्रत्येक सांधा ही गळतीची संभाव्य जागा असते. नळी फळीतून आत जाते तेथे ती घासू नये म्हणून तिच्याभोवती रबराचे किंवा धातूचे कवच बसवून फट बंद करावी. नौका सतत हलत असल्याने नळी ठिकठिकाणी पकडींनी आवळलेली हवी.

चौथी बाब बंद करण्याच्या सोयीची. गॅस मुळाशी, म्हणजे सिलिंडरपाशीच बंद करता आला पाहिजे. सुसज्ज नौकांवर पेटीतच विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवून त्याचे बटण शेगडीच्या जवळ, परंतु ज्वाळांवरून हात न नेता पोचेल अशा ठिकाणी ठेवतात. अशी सोय नसेल तेथे प्रत्येक स्वयंपाकानंतर सिलिंडरपाशी जाऊन गॅस बंद करण्याचा नियम पाळावाच लागतो. शेगडीच्या प्रत्येक बर्नरला ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी योजना असावी, कारण समुद्रावरील वाऱ्याने ज्योत केव्हा विझेल याचा नेम नसतो. लाटांवर भांडे सरकू नये म्हणून शेगडीला कठडाही आवश्यक आहे.

पाचवी बाब तपासणीची. काही मांडण्यांत रेग्युलेटरच्या आधी दाबमापक बसविलेला असतो. शेगड्या बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडावा आणि पुन्हा बंद करावा. किमान तीन मिनिटे काटा स्थिर राहिला तर मांडणी घट्ट आहे. काटा उतरू लागला तर कोठेतरी गळती आहे. भारतातील घरगुती सिलिंडरवर रेग्युलेटर थेट तोंडावर बसत असल्याने तेथे हा मापक नसतो. तेथे साबणाचा फेस हीच परीक्षा. गॅसची चाहूल देणारा इशारायंत्राचा डोळा छताला बसवून उपयोग नाही. तो शेगडीखाली आणि नौकेच्या तळाजवळ हवा.

सहावी बाब हवेची. बंद केबिनमध्ये शेगडी पेटत राहिली तर प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही. म्हणून स्वयंपाक चालू असताना हवा खेळती ठेवणे आणि उबेसाठी शेगडी कधीही न पेटविणे, हे दोन्ही नियम अटळ आहेत.

याखेरीज खाऱ्या हवेमुळे सिलिंडरचे पत्रे आणि रेग्युलेटर लवकर गंजतात. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते आणि नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तोच गॅसची संपूर्ण मांडणी उतरवून पाहण्याचा योग्य काळ होय. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास २००० सालच्या गॅस पुरवठा व वितरणविषयक आदेशान्वये मनाई आहे, हेही नौकामालकांनी लक्षात ठेवावे. त्यांच्यासाठी १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आणि ओळखपत्र दाखवून मिळणारे ५ किलोचे सिलिंडर उपलब्ध आहेत.

उंबरठा म्हणजे नौकेची कड

आता हीच सूत्रे चुडाव्यासारख्या गावातील घराला लावून पाहावीत. उंच उंबरठा, जमिनीलगत एकही छिद्र नसलेल्या जाड भिंती आणि रात्री घट्ट लावलेले दार, असे स्वयंपाकघर गॅसच्या दृष्टीने नौकेपेक्षा वेगळे नाही. फरक एवढाच की नौकेच्या तळाला भोक पाडता येत नाही; घराच्या भिंतीला मात्र ते सहज पाडता येते. जो उपाय खलाशाला मोठ्या युक्तीने साधावा लागतो, तो गृहस्थाला एका गवंड्याच्या तासाभराच्या कामात साधता येतो.

स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत, जमिनीच्या पातळीला लागून, एक जाळीदार झरोका ठेवावा. उंदीर आणि सरपटणारे प्राणी आत येऊ नयेत म्हणून त्याला बारीक पण मोकळी जाळी लावावी. हा झरोका उघड्या अंगणात उघडणारा हवा. झाकलेल्या गटारात किंवा खड्ड्यात नको, अन्यथा गॅस तेथे जाऊन साचेल. छतातील जुना झरोकाही बुजवू नये, कारण वाफ आणि जळालेली हवा वरूनच जाते. वर एक आणि खाली एक अशा दोन वाटा असल्या म्हणजे हवा खेळती राहते.

सिलिंडर खड्ड्यात, तळघरात, ओट्याखालच्या बंद कपाटात किंवा कणगीमागील अडचणीच्या जागेत ठेवू नये. तो सपाट जमिनीवर उभाच ठेवावा. आडवा केल्यास द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरण्याचा धोका असतो. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर असावी. जमिनीवर शेगडी आणि शेजारी सिलिंडर ही मांडणी अनेक घरांत केवळ बसून स्वयंपाक करण्याच्या सवयीमुळे टिकून आहे. ती सर्वांत घातक आहे, कारण गळलेला गॅस जेथे उतरतो तेथेच ज्वाला असते. उज्ज्वला जोडणीबरोबर ओटा मिळत नाही. तो विटामातीचा का होईना, बांधून घेण्यास कुटुंबाला प्रवृत्त करावे. त्याच खोलीत एका कोपऱ्यात चूल पेटती ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे.

रबरी नळी भारतीय मानकाची, पोलादी तारेचे अस्तर असलेली असावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. नळीची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी, तिला मधे जोड नसावा आणि ती भिंतीतून आरपार नेऊ नये. सिलिंडर घेताना त्याच्या कड्याखालील पट्टीवर रंगविलेले अक्षर आणि आकडा पाहावा. ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाह्या दर्शवितात. उदाहरणार्थ, सी-२८ म्हणजे त्या सिलिंडरची पुढील चाचणी २०२८ सालच्या जुलै ते सप्टेंबर या काळात व्हावयाची आहे. मुदत उलटलेला सिलिंडर परत करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. तोंडातील रबरी कडी जागेवर आहे का, हेही पोचविणाऱ्यासमोरच तपासून घ्यावे.

शाळेच्या स्वयंपाकगृहाची जबाबदारी

घरात चार-पाच माणसे असतात. शाळेत शेकडो मुले असतात. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून सुरू झालेल्या आगीत ९४ मुलांचा बळी गेला. छप्पर गवताचे होते आणि स्वयंपाकघर वर्गांना लागून होते. ती आग गॅसची नव्हती, तरी जागेच्या निवडीतील चूक किती महाग पडू शकते याचे ते दुःखद उदाहरण आहे. शाळेतील शिजविलेल्या आहाराची योजना २००१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर देशभर विस्तारली आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. स्वयंपाकगृह वर्गखोल्यांपासून वेगळे असावे, हे तिचे तत्त्व आहे.

शाळेसाठी नौकेची पेटी हाच उत्तम नमुना आहे. सिलिंडर स्वयंपाकगृहाच्या आत न ठेवता बाहेरच्या भिंतीलगत, किंचित उंच ओट्यावर, वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी लोखंडी जाळी असलेल्या कुलूपबंद पिंजऱ्यात ठेवावेत. जाळी तळापर्यंत मोकळी हवी. तेथे विटांची भिंत घातली तर पिंजऱ्याचे पुन्हा पेव होते. जवळपास वर्गाची खिडकी, पाण्याची टाकी, उघडे गटार किंवा सखल खड्डा नसावा. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, म्हणून सावली अपरिहार्य आहे. पिंजऱ्यातून आत येणारी नळी धातूची असावी आणि ती गॅस वितरकाच्या अधिकृत कारागिराकडूनच बसवून घ्यावी. आतील मुख्य व्हॉल्व्ह दाराजवळ असावा, म्हणजे शेगडीपर्यंत न जाता तो बंद करता येईल.

साठ्यालाही मर्यादा आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये १०० किलोपर्यंतचा गॅस परवान्याविना ठेवता येतो. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना या विषयाची केंद्रीय यंत्रणा आहे. परंतु परवाना लागत नाही याचा अर्थ काळजी लागत नाही असा नव्हे. शाळेने गरजेपेक्षा एकही सिलिंडर अधिक ठेवू नये.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

हे सर्व मुलांना आणि पालकांना पटवून देण्यासाठी शिक्षकांनी एक निर्धोक प्रयोग करावा. खोलगट पातेल्यात एक आखूड आणि एक उंच अशा दोन मेणबत्त्या चिकटवून पेटवाव्यात. तळाशी दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पसरावा आणि कडेने पेलाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हळूहळू ओतावा. फसफसून कर्बवायू निघतो. थोड्याच वेळात आखूड मेणबत्ती विझते, उंच मेणबत्ती मात्र जळत राहते. वायू डोळ्यांना दिसत नाही, पण तो तळापासून भरत आला हे सर्वांना दिसते.

नंतर तसाच पत्र्याचा जुना डबा घ्यावा. त्याच्या कडेला, तळापासून दोन बोटे उंचीवर, अंगठा जाईल एवढे भोक पाडावे. आखूड मेणबत्तीची ज्योत भोकापेक्षा वर येईल असे पाहून प्रयोग पुन्हा करावा. रस अगदी थोडा थोडा ओतल्यास वायू भोकातून वाहून जातो आणि मेणबत्ती जळत राहते. एकदम ओतल्यास ती विझते. पहिल्या निरीक्षणावरून खालच्या वाटेचे महत्त्व कळते आणि दुसऱ्यावरून तिची मर्यादा. मोठी गळती झाली तर भोक अपुरे पडते, म्हणून गॅस मुळाशी बंद करण्याची सवय हवीच. प्रोपेन आणि कर्बवायू यांचे वजन सारखे असल्याने हा डबा म्हणजे नौकेच्या पेटीची प्रतिकृतीच होय. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, आणि तो खऱ्या गॅसने करण्याचा विचारही कोणी मनात आणू नये, हे मुलांना निक्षून सांगावे.

वास आला तर

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. वास आला की प्रथम शेगडी आणि रेग्युलेटर बंद करावा. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. देवापुढील दिवा, उदबत्ती आणि चूल विझवावी. दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलांना आणि जमिनीवर झोपलेल्यांना आधी बाहेर न्यावे. गळती सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर रेग्युलेटर काढून दोरीने बांधलेली सुरक्षा टोपी बसवावी आणि सिलिंडर मोकळ्या जागी न्यावा. मोकळी जागा म्हणजे उघडे मैदान; विहिरीचा काठ किंवा नाल्याचा उतार नव्हे. गॅसगळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. तो स्वयंपाकगृहाच्या आत नव्हे तर बाहेरच्या भिंतीवर रंगवावा, कारण त्या वेळी वाचणारा माणूस बाहेर उभा असणार.

पंचायतीने काय करावे

या कामाला मोठा निधी लागत नाही. ग्रामसभेत एकदा हा विषय घ्यावा. शाळा व्यवस्थापन समिती, अंगणवाडी आणि स्वयंपाकी तथा मदतनीस यांच्यासह शाळेच्या आणि अंगणवाडीच्या स्वयंपाकगृहाची पाहणी करून तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत लिहावीत. गळलेला गॅस येथून कोणत्या वाटेने बाहेर जाईल? तो जेथे साचेल तेथे ज्वाला किंवा ठिणगी आहे काय? आणि गॅस मुळाशी बंद करण्यास किती पावले चालावी लागतील? ज्या स्वयंपाकगृहाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तेथे जमिनीलगतचा झरोका पाडणे हे काम सर्वप्रथम हाती घ्यावे. घरांसाठी गॅस वितरकाकडून दर पाच वर्षांनी होणारी तपासणी टाळली जाणार नाही, एवढे पंचायतीने पाहावे. नवीन घरकुलांच्या आराखड्यात हा खालचा झरोका आरंभीच ठेवला तर त्याचा वेगळा खर्चही येणार नाही.

पेव उघडताना थांबण्याचा संयम जुन्या शेतकऱ्याजवळ होता आणि पेटीच्या तळाला नळी बसविण्याची दक्षता खलाशाने आत्मसात केली. दोघांनीही जड वायूचा स्वभाव ओळखून त्याप्रमाणे आपली वागणूक बदलली. धुरापासून मुक्त झालेल्या गृहिणीला ही मुक्ती निर्भयपणे उपभोगता यावी, यासाठी तिच्या स्वयंपाकघरालाही खालच्या बाजूने एक वाट करून देणे, हे आता गावाचे काम आहे.